डब्याच्या वेळेपुरते काका

माणसांना मार्क देणं अजिबात न जमणारा एकच माणूस आमच्या ऑफिसात होता, आणि नेमकं तेच काम त्याच्याकडं होतं. हिमायतनगरला विम्याचे क्लेम तपासणारी आमची सात जणांची टीम. ते तिचे प्रमुख, त्या सातांतलेच एक. तेलुगू-उर्दू बोलणाऱ्या त्या शहरातल्या ऑफिसात मराठी आम्ही दोघंच, ते अंबरपेठेचे, मी चिक्कडपल्लीची. पहिल्याच दिवशी त्यांनी नियम सांगून टाकला, "कामाच्या वेळी सर म्हण, डब्याच्या वेळी काका." मी इंग्रजी शाळेतली, नियम पाळणारी मुलगी. पण ते हातात डबा घेऊन माझ्या टेबलाशी उभे राहून क्लेमबद्दल विचारत, तेव्हा काय म्हणायचं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणून मी बहुधा काहीच म्हणत नसे.

ते एका बोटानं टाइप करत, त्यामुळं दर तीन महिन्यांचे त्यांचे शेरे ते सांगत आणि मी लिहून घेई. टीममधल्या लावण्या नावाच्या मुलीच्या 'नेतृत्वगुण' या चौकटीत त्यांनी सांगितलं, "जाताना सगळे पंखे बंद करते." दुसऱ्या एकाच्या 'संवादकौशल्या'त, "आईशी फोनवर कधी चिडत नाही." बेंगळुरूच्या मुख्य ऑफिसातून फॉर्म परत यायचे, सोबत प्रश्नचिन्हं. "यात चुकीचं काय आहे गं?" ते मला विचारत. मला खरंच सांगता यायचं नाही.

डब्याचं मात्र त्यांचं पक्कं होतं. सगळ्यांचे डबे टेबलाच्या मधोमध उघडायचे आणि वाढायचा डाव फक्त त्यांच्या हातात. लावण्याची गोंगुरा पचडी म्हणजे अंबाडीची चटणी, माझ्या घरच्या पोळ्या, कुणाची खट्टी दाल, ते उभ्यानं सगळ्यांना वाढत फिरायचे. "काका, तुम्ही बसा ना," असं कुणी म्हटलं की ठरलेलं उत्तर, "वाढणारा शेवटी बसतो. आमच्याकडं हीच रीत." ते बसेपर्यंत दालीतल्या मिरच्या तेवढ्या उरलेल्या असत.

यंदा वर्षअखेरीला नवा हुकूम आला. टीममधल्या सातही जणांना एक ते सात क्रमांक द्यायचे. शेवटच्याला पगारवाढ नाही आणि तो नवा असेल तर नोकरी पक्की होणार नाही. नवी मी एकटीच होते. शिवाय मार्चमध्ये एका पेशंटचा क्लेम दुसऱ्याच्या नावानं पाठवलेलीही मीच. लावण्या म्हणाली, "टेन्शन नक्को ले." ती काय, पंखे बंद करत होती.

माझं मूल्यमापन झालं ते डब्याच्या वेळी, त्यांच्या हातात डाव असताना.

"सांग, यंदा काय चुकलं तुझं?"

"मार्चमधला क्लेम."

"ते माहीत आहे मला. दुसरं?"

"मी बोलत नाही."

"हौ. दाल घे."

एवढंच. हे सरांनी विचारलं की काकांनी, तेही कळलं नाही. त्याच दुपारी आम्हाला एक फॉर्म आला. नाव न लिहिता आपल्या प्रमुखाला पाचपैकी मार्क द्यायचे. मी खूप वेळ त्या चौकटीकडं बघत बसले. शाळेत उत्तर येत नसलं की मी मधला पर्याय निवडायचे. तसंच केलं. तीन.

आठवड्यानं यादी लागली. मी सहावी, नोकरी पक्की. "सर खुद कू लास्ट में डाल लिये," लावण्या डोळे मोठे करून म्हणाली. मी नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच आपणहून त्यांच्या टेबलाशी गेले.

"सर, सातवं नाव तुमचं पडलंय. चुकून झालं का?"

"चुकून कसं? सगळ्यांना मीच वाढलं की."

"पण हे जेवण नाही."

"यादी आहे ना? तिच्यातही कुणीतरी शेवटी बसतंच," ते शांतपणे म्हणाले आणि फाईल उघडून बसले. त्यांना तो क्रमांकांचा हुकूम कळलाच नव्हता, की आमच्या सगळ्यांपेक्षा नीट कळला होता, याचा मी अजूनही विचार करते. मुख्य ऑफिसला मात्र शंका नव्हती. सातवा क्रमांक आणि टीमनं दिलेले साधारण मार्क बघून त्यांनी सरांना शहराबाहेरच्या जुन्या कागदपत्रांच्या विभागात पाठवलं. त्या साधारण मार्कांत माझे तीन होते.

त्यांच्या शेवटच्या दिवशी मी डाव उचलला. ते बसले, पण हातांचं काय करावं हे त्यांना समजेना. "तिकडं पोळी वाढ... अगं, तिला आंबट चालत नाही," असं सारखं चाललेलं. सगळ्यांना वाढून मी बसले तेव्हा भांडी रिकामी होती. त्यांनी स्वतःच्या डब्याचं झाकण माझ्याकडं सरकवलं. त्यात दोन पोळ्या आणि थोडी दाल, आधीच काढून ठेवलेली.

"वाढणाऱ्यासाठी कुणीतरी बाजूला काढून ठेवायचं असतं. माहीत नव्हतं तुला?"

नव्हतं. त्यांच्यासाठी आम्ही कधीच काढून ठेवलं नव्हतं. काका, ते तीन माझे होते, असं मला सांगायचं होतं; तोंडातून एवढंच निघालं, "काका..."

"हौ," ते म्हणाले. "जेव आधी."