कारंज्यावरचा लेख

तुमच्यातले बरेच जण मला एका लेखामुळे ओळखतात. त्या लेखाबद्दलची एक गोष्ट मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही — आणि तिला तर मी कवळी बसवल्याचंसुद्धा सांगून टाकलं आहे. आताच का सांगतोय? दमलो, एवढंच म्हणता येईल. पश्चात्ताप वगैरे मोठे शब्द मी वापरणार नाही. मोठे शब्द वापरूनच इथवर आलो आहे.

आधी जागा सांगतो. ते सोपं आहे, आणि सोप्यापासून सुरुवात करायची मला मास्तरकीमुळे सवय आहे.

लातूरहून नांदेडकडे येताना एका तालुक्याच्या गावाबाहेर दगडी कमान लागते. कमान ग्रंथालयापेक्षा उंच आहे. तिच्या मागे एक खाजगी संशोधन विद्यापीठ — नाव सांगत नाही, सांगून काही बदलत नाही. आधी तिथं नुसतं महाविद्यालय होतं आणि संस्थापकांना अध्यक्ष म्हणत. विद्यापीठ झाल्यावर ते कुलपती झाले. खुर्ची तीच राहिली, तिच्या पाठीवरचा टॉवेल नवा आला. मी तिथं मराठी शिकवायचो.

ते साल दुष्काळाचं होतं. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. त्यातच आमचं गाव नव्या जिल्ह्याचं ठिकाण होणार अशी हवा होती. बाजारपेठेतल्या पाट्यांवरचं 'ता.' हे अक्षर पेंटरनं पुसून ठेवलं होतं; 'जि.' लिहायचं ते घोषणा झाल्यावर. कुलपती भाषणात म्हणत, "नव्या जिल्ह्याला पाणी मागाहून येईल, विद्यापीठ आधी आलंय!" लोक टाळ्या वाजवत. टाळ्यांना पाणी लागत नाही.

आत काय होतं? संशोधन केंद्रं होती, त्यांच्या पितळी पाट्या रोज पुसल्या जायच्या. प्रयोगशाळेतली काचेची भांडी मात्र धुवायला बंदी होती, म्हणून प्रयोग फळ्यावर चालत. मेसमध्ये स्टीलची ताटं जाऊन पत्रावळी आल्या होत्या. मुलींच्या हॉस्टेलात अंघोळीचे वार लावलेले होते. खोलीखोलीत त्यावरून भांडणं. मराठीच्या वर्गात मागच्या बाकावर एकदा औशाची एक पोरगी अर्धापूरच्या मैत्रिणीला म्हणाली, "माझा गुरुवार हाय. तुला कसा देऊ?" अर्धापूरची म्हणाली, "केस धुवायचेत गं, पाहुणे येऊन राहिले बघायला." "मग पाहुण्यालाच सांग की टँकर घेऊन ये म्हणून!" सगळा वर्ग हसला. मीही हसलो. त्या पोरी खरंच गमतीदार होत्या. तहानेची चेष्टा करणं ज्यांना जमतं, त्यांना मी तेव्हा फार मानायचो — अजूनही मानतो.

आणि मी? मी स्टाफरूममधला फटकळ माणूस. या सगळ्या थाटाची टर उडवायचो. लोक चहा घेऊन माझ्याभोवती बसायचे. पण विद्यापीठाची माहितीपुस्तिकाही मीच लिहायचो — मराठी चांगलं म्हणून. सकाळी लिहायचं, दुपारी त्याचीच चेष्टा करायची. दोन्हीकडे माझ्या भाषेचं कौतुक व्हायचं. तुम्हाला यात काही विसंगत वाटतं का? मला वाटत नसे.

त्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर प्रशासकीय इमारतीसमोरच्या कारंज्याचा फोटो होता, आणि खाली माझं वाक्य — 'ज्ञानाची तहान भागवणाऱ्या या परिसरात कारंज्याचे तुषार अहोरात्र नाचत असतात.' त्या वर्षी कारंज्याच्या हौदात कुत्री झोपायची. तिथं सावली चांगली असायची.

मग मूल्यांकन समिती येणार असं ठरलं. विद्यापीठाला श्रेणी देणारी समिती. भिंती रंगल्या, कुंड्या भाड्यानं आल्या. बैठकीत कुलपतींनी पुस्तिका उचलली, मुखपृष्ठावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ह्ये कुठाय?" शेवटी ठरलं की मुलींच्या हॉस्टेलच्या टाकीतून पाणी सोडायचं आणि —

नाही. इथं मी पुन्हा घसरतोय. इतकी वर्षं मनातल्या मनात ही गोष्ट मी स्वतःला अशीच सांगत आलो, म्हणून हात आपोआप तसं लिहितो. बैठकीत तसं काही ठरलं नव्हतं. कुलसचिव म्हणाले, 'दुरुस्ती चालू आहे' अशी पाटी लावू. कुलपती म्हणाले, "लावा. दुष्काळ त्यांनाबी दिसतोय." विषय संपला. त्या माणसाची मी आयुष्यभर टिंगल केली, पण त्या दिवशी त्या खोलीत सगळ्यात शहाणं वाक्य त्यांचंच होतं.

मला ती पाटी नको होती. समितीत पुण्याचे एक प्राध्यापक होते. फार पूर्वी एका मुलाखतीत त्यांनी माझा 'ळ' आणि माझे कपडे यांच्याकडे एकाच नजरेनं पाहिलं होतं. त्यांच्या हातात माझं वाक्य पडणार, आणि वाक्यासमोर कोरडा हौद. ते गालात हसतील — मी हसलो असतो तसेच. हे मला सहन होईना. बस्स, एवढंच कारण. याहून मोठं कारण शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे.

हॉस्टेलच्या टाकीतून बागेला एक जुनी पाइपलाइन होती. दुष्काळात तिचा व्हॉल्व्ह कुलपात होता आणि किल्ली रेक्टर बिरादार मॅडमकडे. बिरादार मॅडम उदगीरच्या. माहेर लिंगायत, किराण्याच्या व्यापारातलं. नवरा वारल्यावर त्या नोकरीला आल्या. हॉस्टेलच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये त्या आणि त्यांची लेक राहत. लेक नुकतीच बारावीत गेली होती. म्हणजे ती नोकरी हेच त्यांचं घर होतं. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

समिती येणार त्या सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. त्या व्हरांड्यात पोरींच्या बादल्यांचे नंबर लावत होत्या. मी व्हॉल्व्ह उघडा म्हटलं. त्या म्हणाल्या, "सर, पोरींचं पाणी हाय ते. टँकर आता सोमवारी येणार. परीक्षा चालू हायत."

मी म्हटलं, "तासाभराचा प्रश्न आहे, मॅडम. कारंज्याचं पाणी फिरून हौदातच येतं. संध्याकाळी मोटार लावून परत टाकीत घेऊ." आणि तरीही त्यांचा हात किल्लीकडे जाईना, तेव्हा म्हणालो, "वरून सांगितलंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "दुसरं कुणी म्हनलं असतं तर न्हाई सोडलं. तुमी उगं त्यांची री ओढणारे न्हाईत, म्हणून सोडते."

कारंजं चाललं. छान चाललं. कुलपतींना वाटलं कुलसचिवांनी केलं. कुलसचिवांना वाटलं कुलपतींनी करवलं. काम झालेलं असलं की आमच्याकडे कोण विचारतो? पुण्याचे प्राध्यापक मोबाइलवर बोलत त्याच्यासमोरून गेले. त्यांनी मान वळवून पाहिलंही नाही.

पाणी मात्र फिरून आलं नाही. काळ्या रानातला आमचा परिसर. उन्हाळ्यात तिथल्या जमिनीला भेगा पडतात, हात घातला तर कोपरापर्यंत जाईल एवढ्या. हौदाखालची जमीनही फाटली होती आणि तिच्याबरोबर हौदाचा तळ. वर तुषार नाचत होते, खाली माती पीत होती. मी याच मातीत जन्मलो. हे माझ्या लक्षात यायला नको होतं का?

दुपारपर्यंत टाकी आटली. सोमवार लांब होता. मुली घागरी घेऊन शेजारच्या वस्तीवरच्या विहिरीकडे गेल्या. तिथल्या बायकांनी त्यांना काठावरूनच परतवून लावलं — "आमच्याकडं कशाला? तुमच्याकडं कारंजं हाय की!" तेवढं एक वाक्य ऐकून त्या परत आल्या. पुस्तकं मिटून त्यांनी रिकाम्या बादल्या उचलल्या आणि कमानीखाली रस्त्यावर बसल्या. एसटी थांबल्या. धर्माबादची एक लहानखुरी मुलगी बादली वाजवत ओरडत होती. तिचा दुसऱ्या दिवशी पेपर होता, तो तिनं दिला नाही.

त्याच आठवड्यात मी तो लेख लिहिला.

हेच तुम्हाला सांगायचं होतं. इतका वेळ मी त्याच्याभोवती फिरत होतो. लेख कसा लिहिला, का लिहिला? वर्तमानपत्रवाल्यांनी मागितला. आणि मला राग आला होता — खरा राग, विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. स्वतःचाच राग आला होता, पण तो कागदावर उतरला तेव्हा दुसऱ्या कुणाचा तरी झाला. त्यातलं एक वाक्य तुमच्यापैकी अनेकांनी मला म्हणून दाखवलं आहे: 'तहानलेल्या मुलींच्या डोळ्यांदेखत ज्या हातानं व्हॉल्व्ह फिरवला, त्या हाताला या विद्यापीठानं मानद पदवी द्यावी.'

वाक्य जमून आलं होतं. ते लिहिताना तो हात कुणाचा हे मला दिसत होतं. काचेच्या हिरव्या बांगड्या नसलेला, किल्ल्यांचा जुडगा धरलेला. मी वाक्य ठेवलं.

लेख गाजला. कुलपती रागावतील म्हणून मी घाबरलो होतो. ते रागावले नाहीत. लेखानं त्यांना एक हात मिळवून दिला होता. चौकशी समिती नेमली — कुलसचिव, एक प्राध्यापिका आणि निर्भीड सदस्य म्हणून मी.

बिरादार मॅडम समोरच्या खुर्चीत बसल्या. कुलसचिवांनी विचारलं, "व्हॉल्व्ह कुणाच्या सांगण्यावरून उघडला?"

"वरून सांगितलं होतं."

"वरून कुणी? मी सांगितलं? साहेबांनी सांगितलं?" कुलसचिव चिडले. त्यांचा राग खरा होता, कारण त्यांनी खरंच सांगितलं नव्हतं. "आम्ही तर पाटी लावायला सांगितली होती. आता आमच्यावर ढकलता काय?"

तेव्हा त्यांना कळलं. मी पाहिलं त्यांना कळताना. 'वरून' हा शब्द माझा होता, आणि त्याच्या वर काहीच नव्हतं. त्या माझ्याकडे वळल्या. बघत राहिल्या — वर्गात उत्तर माहीत असलेल्या मुलाला बाई संधी देतात ना, तसं. माझ्यासमोर सीलबंद पाण्याची बाटली होती. मी ती उघडली आणि प्यालो.

मग त्या म्हणाल्या, "मीच फिरवला."

त्यांनी माझं नाव का घेतलं नाही? मला मिरवण्यासारखं एकही उत्तर सापडलेलं नाही. कदाचित घेऊन उपयोग नाही हे त्यांना कळलं असेल. निर्भीड लेखकाविरुद्ध खोटं बोलणाऱ्या रेक्टरचं कोण ऐकणार? अहवालाचा मसुदा मी केला. मराठी चांगलं म्हणून.

क्वार्टर रिकामी करताना टेंपोत सामान चढत होतं. मी त्या रस्त्यानं जायला नको होतं, गेलो. त्यांची लेक पुस्तकांचं खोकं धरून पुढं बसली होती. तिनं मला नमस्कार केला. तिला मी थोर वाटत होतो. मॅडम टेंपोला टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, "लेख वाचला, सर. हिनंच वाचून दाखवला. चांगला झालाय."

मी काहीतरी पुटपुटलो. त्या म्हणाल्या, "न्हाई, खरंच. हात माझाच व्हता की."

त्या उदगीरला भावाकडे गेल्या. लेकीची बारावी त्या वर्षी राहिली, असं नंतर कानावर आलं. दुष्काळ पुढच्या पावसात गेला. गाव अजून जिल्हा झालेलं नाही. पाट्यांवरच्या रिकाम्या जागा तशाच आहेत. कारंजं काढून तिथं ध्वजस्तंभ उभा केला. आणि तो लेख विद्यापीठानंच बी.ए.च्या पुस्तकात घेतला — मोठ्या मनानं, असं कुलपती प्रकाशनाच्या भाषणात म्हणाले. निवृत्त होईपर्यंत मी तो दरवर्षी शिकवला. दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, "सर, तो हात कुणाचा?" मी म्हणायचो, "व्यवस्थेचा." मुलं ते लिहून घ्यायची. परीक्षेत त्याला गुण मिळत.

उदगीरला मी भाषणाला गेलो आहे, एकाहून जास्त वेळा. त्यांच्या भावाचं दुकान बसस्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, हे मी आयोजकांना सहज म्हणून विचारून ठेवलं होतं. चहा प्यालो, हार घेतला, परत आलो.

तुमच्याकडून मला काही नको. ज्या पानावर तो लेख आला होता त्याच पानावर हे यावं, एवढं संपादकांना सांगितलं आहे. कुणी तो लेख जपून ठेवला असेल तर त्याच्या शेजारी एवढं लिहून ठेवा — बिरादार मॅडम चौकशीत खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांना जे सांगितलं गेलं तेच त्यांनी सांगितलं. वरून कुणी काही सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं.