काळीतला प्लॉट

प्लॉट घेताना माणसं रस्ता बघतात, पाणी बघतात. आमच्या सिद्धलिंगप्पानं ढेकूळ उचललं, मुठीत चुरगाळलं आणि खूश होऊन म्हणाला, "बगा की, मंगळवेढ्याच्या तोडीची काळी हाय!" सोलापुरात नवी पेठेतल्या दुकानात आम्ही दोघं कापड फाडायचो. अंगात शहरी सदरा असला तरी याचं डोकं ज्वारीच्या रानातच. मंगळवेढ्याची वाटणीची जमीन विकून चौऱ्याहत्तर साली त्यानं सोलापूरच्या कडेला हा प्लॉट घेतला. "पायाखाली आपली माती पायजे," असं त्याचा बाप म्हणायचा.

धोंडीराम गवंडी आला, जमिनीच्या भेगेत कोपरापर्यंत हात घातला आणि तोच हात कपाळाला लावला. "मालक, ही माती लई वंगाळ. पावसात फुगती, उनात फाटती. भिंती ऱ्हायच्या न्हाईत. समदी काढा, मुरूम भरा."

जिच्यात नुसत्या थंडीवर शाळू येतो ती वंगाळ, आणि कुसळ उगवत नाही तो मुरूम चांगला? सिद्धलिंगप्पा गिऱ्हाइकांनाच विचारत सुटला. कुणी म्हणे वाळू भर, कुणी म्हणे नुसतं पाणी सोड. व्यक्ती तितक्या प्रकृती! त्याचा पार गोंधळ उडाला. लुगडं मागणाऱ्या बाईला त्यानं परकराचं कापड फाडून दिलं.

तेवढ्यात पावसाळा झाला आणि शेजारच्या, काळीवरच बांधलेल्या नव्या घराची भिंत तडकली. ते पाहून त्याची बायको चंद्रव्वा म्हणाली, "होगली बिडरी, जाऊ द्या ती माती. जन्म भाड्याच्या खोलीत गेला. मला घराला तडा नको."

मग खणती लागली. बैलगाड्या भरभरून काळी जाऊ लागली. हा प्रत्येक गाडीवानाला विचारायचा, "कुटं टाकनार?" रानात म्हटलं की याला बरं वाटायचं. खड्ड्यात मुरमाचे थर पडले, पाणी मारून धुमसानं ठोकले. "रान इकून माती घेतली, माती टाकून दगड भरला," हा काठावरून म्हणाला. "मी करतोय तरी काय?" मी हसलो, पण मलाही सांगता आलं नसतं.

घर झालं. दोन पावसाळे गेले, भिंतीला केसाएवढाही तडा नाही. पण चंद्रव्वानं पूजेसाठी दारात लावलेला मोगरा काही जगेना. "माती पायजे," ती म्हणाली.

तसली काळी शेजारच्या मोकळ्या प्लॉटात हवी तेवढी होती. हा मात्र मला ओढत एस.टी.नं मंगळवेढ्याला, आपल्या विकलेल्या रानात घेऊन गेला. नवा मालक चन्नवीर बांधावरच भेटला.

"पोतंभर माती न्यू का?" सिद्धलिंगप्पानं चाचरत विचारलं. मला त्याची फार कीव आली.

"न्या की! घर झालं म्हनं? पाया कशात घातला?"

सिद्धलिंगप्पा खाली वाकून माती भरू लागला.

परतीच्या गाडीत मी म्हटलं, "पोतं खाली ठेव." त्यानं ते मांडीवर घेतलं.

"खाली नगं," म्हणाला. "पाय लागंल."