कवळी काढून घेतलेली शपथ

वाचकहो, आधी एका प्रश्नाचे उत्तर द्या. परमुलखातून आलेला माणूस तुमच्या गावचा केव्हा होतो? कलेक्टर कचेरीचा शिक्का बसला म्हणजे, की सारे गाव त्याच्यासाठी खोटे बोलू लागले म्हणजे?

चिमूरकडच्या एका खेड्यातला तो प्रकार आठवला की मला आजही एकट्याला हसू फुटते. नावे मुद्दाम देत नाही.

मी तेव्हा तिथे नवा ठाणेदार होतो. पंचावन्न सालचा नागरिकत्वाचा कायदा नुकताच झाला होता. परदेशी माणसाला इथे कायमचे राहायचे तर त्याने पुरेशी वर्षे इथे काढलेली असावीत, इथली एक भाषा त्याला यावी आणि त्याच्या वर्तणुकीबद्दल दोन भारतीयांनी प्रतिज्ञापत्र द्यावे, अशी रीत होती. चौकशी आम्ही करायची. तसा एक अर्ज चांद्याच्या कलेक्टर कचेरीतून माझ्याकडे आला. अर्जदार चिनी दंतवैद्य. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी कलकत्त्याला उतरलेला आणि आठवडी बाजार करत करत आमच्या हद्दीत स्थिरावलेला.

त्याच सुमारास खबर आली. बाजारात चिमट्याने दात उपटणारा एक इसम ठाण्यात येऊन माझ्या कानाशी लागला.

"साहेब, त्या गावात चिनी हेर लपून राह्यला जी!"

"हेर कशावरून?"

"त्या गावचं कोणी आता मायाकडं दात उपटाले येतच नाई!"

खबरीचा दर्जा कळला. पण स्टेशन डायरीत नोंद झाली की जाणे भाग असते. मी आणि आमचे जुने जमादार सायकली काढून निघालो.

गावच्या पाटलांनी चावडीपुढे बाज टाकली आणि मी तोंड उघडायच्या आत सांगून टाकले, "इथी चिनी-बिनी कोणी नाई."

मी अजून चिनी हा शब्द उच्चारलाही नव्हता. अनुभवाचा एक बोल सांगतो: न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की चौकशी निम्मी झाली समजावी.

एवढ्यात शेजारच्या पडवीतून धोतर नेसलेला एक गृहस्थ हात पुसत आला आणि नमस्कार करून म्हणाला, "मीच तो, साहेब. मी चिनी आहो."

"खोटं बोलून राह्यला तो!" पाटील कडाडले. "हा माया मावसभाऊ आहे. इथीच जन्मला."

"पाटील, मी अर्जात लिहून देल्लं ना भाऊ, का मी चीनचा आहो म्हणून."

"तू चूप बस! तुले आपला जन्म कुठी झाला, हे काय समजते?"

एक म्हातारी पुढे सरसावली. "मी सोता बाळंतपण केलं याच्या मायचं!" ती त्याच्याहून फार तर दहा वर्षांनी मोठी असावी.

माझ्या नोकरीत आरोप नाकारणारे शेकडो भेटले. आरोपी कबूल आणि साक्षीदार नाकबूल, असा मामला हा एकच. आणि हसण्यावारी नेण्यासारखा तो नव्हता. गावाचे हे जबाब वर गेले असते तर चांद्याच्या कारकुनाने 'अर्जदार आणि साक्षीदार यांच्यात तफावत, मामला संशयास्पद' असा शेरा मारला असता, आणि त्या माणसाला देशाबाहेर जावे लागले असते. तिकडे चीनमध्ये त्याचे आता कोणी उरले नव्हते. गाव त्याला वाचवण्याच्या नादात त्याच्याच मुळावर उठले होते.

मी समजावले, दटावले. गाव हलेना. तेव्हा जमादार माझ्या कानात म्हणाले, "साहेब, मातामायपुढं नेऊ यायले."

मातामाय ही शिवेवरची गावदेवी; तिच्या दगडावर हात ठेवून खोटे बोलणाऱ्याचे दात झडतात, असे तिकडे मानतात. कायद्याच्या पुस्तकात हे कलम नाही, पण सारे गाव निमूट निघाले. पाटील पुढे झाले. त्यांनी शेंदराच्या दगडावर उजवा हात ठेवला, डाव्या हाताने तोंडातली वरची कवळी काढली, धोतराच्या सोग्यात जपून गुंडाळली आणि बोलू लागले.

"फा फाफा फावफफाऊ..."

जमादारांची पेन्सिल थांबली. "काय लिहू, साहेब?"

मागे पाहतो तो म्हातारीनेही कवळी काढून पदरात बांधलेली. तिच्यामागचे तिघे तोंडात बोटे घालून तयारच उभे.

"पाटील," मी विचारले, "दात काऊन काढले?"

पाटलांनी कवळी बसवली आणि खाली पाहत म्हणाले, "झडले तर? नवे आहेत ना जी."

मी हसलो, जमादार हसले, शेवटी म्हातारीही बोळक्या तोंडाने हसली. मग पाटील खरे बोलले. "वरचे दात यानंच बनवले, खालची पंगत बनवाची बाकी आहे, साहेब. गावात असे किती तरी अर्धे जबडे आहेत. याले नेलं तर आमी चावाचं कसं? आणि तसंबी, पोळ्याले याचा बैल आमच्या तोरणाखाली उभा राह्यते. मंग हा परका कसा?"

"हेच लिहून द्या ना!" मी ओरडलो. "तो चीनचा आहे आणि तुम्हाला इथे हवा आहे. कायद्याला एवढेच पाहिजे!"

दंतवैद्य मात्र पाटलांवर चिडला होता. "कवळी धोतरात गुंडाळता? सतरांदा सांगतलो, काढली का पाण्यात ठेवा म्हणून! आयकत नाई बुढा!"

अहवालात मी लिहिले, 'अर्जदारास मराठी उत्तम येते.' पहिले प्रतिज्ञापत्र पाटलांनी दिले. चुगली कोणाची, हे पाटलांनी केव्हाच ओळखले होते; दुसरे त्या चिमटेवाल्याकडूनच घ्यायचे, असा हट्ट त्यांनी धरला. तो कुरकुरत आला, अंगठा उठवला आणि जाता जाता त्याने आपली हलणारी दाढ दंतवैद्याला दाखवली. काही महिन्यांनी मंजुरी आली.

मी त्या दिवशी एक शिकलो. परक्याला हुसकावून लावायला एक दुष्ट माणूस लागतोच असे नाही. घाबरलेली भली माणसेही ते काम करतात. सरकारला भिऊन खोटे बोलणारे गाव हा आपल्या स्वातंत्र्याला लागलेला डाग आहे, आणि त्या डागात आमच्या खाकीचा वाटा मोठा आहे.

म्हणून एक मागणे आहे. तुमच्या गल्लीत, बाजारात असा कोणी बाहेरून आलेला माणूस कागदासाठी कचेरीचे उंबरठे झिजवत असेल. आजच त्याच्याकडे जा. साक्षीदार हवा का, विचारा. हवा असेल तर त्याच्याबरोबर कचेरीत उभे राहा. आणि तिथे जे सांगाल ते दात तोंडात ठेवून सांगा.