ताकाचा संशय

मला निवृत्त होऊन काही वर्षं झाली. पण आजही कुणाच्या घरी गेलो आणि जनरेटर धडधडू लागला, की मी आधी धुराची नळी कुठं काढलीय ते बघतो. घरचे म्हणतात, खोड आहे. असेल. ती मला सोलापुरातल्या एका घरानं लावली.

मे महिना होता. पोलीस ठाण्यातली सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती, तेवढ्यात वैरागहून एका बाईचा फोन आला. आदल्या दुपारी तिची आई शहरात मुलाच्या घरी वारली होती. "साहेब, मी येईपर्यंत आईला उचलू देऊ नका. वहिनीच्या ताकात कायतरी हाय."

आम्ही पोहोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती. अशा वेळी मयत शवविच्छेदनासाठी न्यायला लावणं हे खाकीतलं सगळ्यात नकोसं काम. लोकांचे बोल ऐकून घेतले आणि अकस्मात मृत्यूची नोंद केली.

लेकीच्या जबाबात दम होता. आई बरेच दिवस फोनवर सांगत होती, की दुपारी सुनेच्या हातचं ताक पिऊन झोपलं की उठताना डोकं फुटायची वेळ येते, मळमळतं. शेवटच्या दुपारी उशाशी उलटी होती आणि ताकाचा रिकामा पेला होता. सासू-सुनेचं पटत नाही हे गल्लीला ठाऊक होतं. डॉक्टरांनी विषाच्या तपासणीसाठी व्हिसेरा राखून ठेवला, मत दिलं नाही. अहवालाला वेळ लागणार होता, पण गल्लीला एवढा धीर कुठला? शेजारणींनी सुनेशी बोलणं टाकलं. नवरा दुकानदार, तो मान वर करीना. लेक रोज ठाण्यात येऊन अटक कधी करता म्हणून विचारायची. माझ्या हाताखालचे फौजदारही म्हणाले, आत घेऊ, दोन दिवसांत कबूल होईल. तसं कबूल करणारी माणसं मी पाहिली होती, म्हणूनच मला घाई नव्हती.

महिला हवालदाराला बसवून सुनेची चौकशी केली. माहेर नातेपुत्याकडचं, बोलणं तुटक. ती रडली नाही, हे फौजदारांना खटकलं. मला मात्र वेगळं दिसलं. खोटं बोलणाऱ्याकडं उत्तर आधीपासून तयार असतं. ही प्रत्येक प्रश्नाला थांबून विचार करत होती. भांडण व्हायचं का? व्हायचं, मिठावरनंसुद्धा. ताक आणखी कोण प्यायचं? सगळेच. मग मी विचारलं, ताक पिऊनही सासूबाईंना काही झालं नाही, असा एखादा दिवस आठवतो का?

तिनं बोटांवर मागचे दिवस मोजले. मग म्हणाली, "लाईट गेली न्हाय त्या दिवशी काय व्हायचं न्हाय. आत्या निवांत झोपायच्या की."

मी जबाब तिथंच थांबवला आणि दोन पंच घेऊन तिच्या घरी गेलो.

जनरेटर पूर्वी मागच्या अंगणात, उघड्यावर होता. धंदा बसला म्हणून मुलानं वास्तू बघणारा आणला. त्यानं सांगितलं, अग्नीचं यंत्र आग्नेयेलाच पाहिजे. आग्नेयेला जिन्याखालची खोली होती. तिच्या बाहेरच्या भिंतीला लागून शेजाऱ्याच्या स्वयंपाकघराची खिडकी. वाद नको म्हणून धुराची नळी आतल्या डक्टमध्ये सोडली. हा डक्ट म्हणजे घराच्या पोटातली, न्हाणीच्या खिडक्यांसाठी ठेवलेली अरुंद पोकळी. कबुतरं येतात म्हणून तिच्यावर पत्रा ठोकलेला. अग्नीची दिशा सगळ्यांनी बघितली, धुराची कुणी विचारली नाही. म्हातारीच्या खोलीची एकुलती खिडकी याच डक्टमध्ये उघडत होती आणि त्या खिडकीत कूलर बसवला होता. आईला उकडतं म्हणून लेकीनंच तो त्या उन्हाळ्यात आणून दिला होता.

वीज गेली की जनरेटर चालू, जनरेटरवर कूलर चालू. गार हवा जाऊ नये म्हणून दार बंद. कूलर डक्टमधली हवा ओढायचा, तोच धूर म्हातारीच्या तोंडावर सोडायचा. आम्ही सगळं तसंच लावून आत बसलो. ओल्या वाळ्याचा छान वास येत होता, धुराचा जवळजवळ नाहीच. थोड्या वेळात माझी कानशिलं ठणकू लागली, तसे सगळे बाहेर आलो. वाळ्याची जाळी काढून पाहिली, तर बाहेरची बाजू काजळीनं काळी झाली होती. पुढं अहवालही तोच आला. विष नाही, रक्तात धुराचा वायू.

अहवाल सांगायला मी दोघी नणंद-भावजयांना ठाण्यात बोलावलं. सून आधी आली. सुटल्याचा आनंद तिला झालाच असेल, पण तिनं वेगळंच मागितलं.

"साहेब, कूलरचं वन्संना सांगू नका. जनरेटरचा धूर म्हणा."

पंचनाम्यात कूलर होताच, तो मी पुसणार नव्हतो. पण तोंडी सांगायचं किती, हे माझ्या हातात होतं. नणंद आल्यावर मी एवढंच सांगितलं, की डक्टमध्ये धूर साठला, तो खोलीत गेला, कुणी काही घातलेलं नव्हतं. तिनं मान हलवली. उठायला लागली आणि परत बसली.

"पण साहेब, खिडकीत तर कूलर हाय."

तिला माझ्या तोंडावरनंच कळलं असावं. ज्या भावजयीला ती रोज तुरुंगात घालायला निघाली होती, तिच्याकडंच तिनं बघितलं.

सून म्हणाली, "त्या कूलरपुढं आत्यांना लई बरं वाटायचं, वन्सं. सगळ्यांना सांगायच्या, माझ्या लेकीनं दिलाय म्हणून."

दोघी एकाच रिक्षानं घरी गेल्या. फौजदारांनी फाईल पुढं केली, मी सही केली. गुन्हा कुणी केला हे शोधायला आम्हाला शिकवतात. कुणीच केला नाही हे कळल्यावर माणसांना ते कसं सांगायचं, हे कुठल्याच प्रशिक्षणात नव्हतं. ते मी त्या दिवशी आमच्याच संशयिताकडून शिकलो.