साडूभाऊंचं कडं

मला सूड घ्यायचा होता, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात हा शब्द कुणी मनावर घेत नाही. मी बायकोला म्हटलं, "या माणसाचा मी सूड घेणार आहे," तर ती म्हणाली, "घ्या, पण आधी गॅस बंद करा, दूध वर आलंय." मी गॅस बंद केला. पण तो पावसाळा मी खरोखर सुडाच्या विचारावर काढला. भुकूमहून पिरंगुटला कारखान्यात जाताना घाटात एखाद्या ट्रकमागे अडकलो की मी मोठमोठ्यानं संवाद म्हणून बघायचो. शेजारच्या गाडीतल्या लोकांना वाटत असेल, फोनवर बोलतोय.

तो माणूस म्हणजे माझे साडूभाऊ. बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. नोकरी हिंजवडीत, घर तिथून जवळच चांदे गावात, बाराव्या मजल्यावर. मूळचे आम्ही दोघेही लातूरकडचे, पण ते माझ्या आठ वर्षं मागून येऊन माझ्या आठ मजले वर गेले. माझी त्याबद्दल काही तक्रार नाही, असं मी नेहमी म्हणतो.

मी पन्नाशी गाठली त्या आठवड्यात दोन गोष्टी घडल्या आणि दोन्हींत त्यांचा हात होता. एक म्हणजे मी नवा लॅपटॉप घेतला. आठवड्यातून दोन दिवस घरून काम करायची परवानगी मिळाली होती. साडूभाऊ म्हणाले, "माझा आहे तोच घ्या. डोळे झाकून घ्या." मी डोळे झाकूनच घेतला. दुसरी गोष्ट म्हणजे वाढदिवसाला त्यांनी मला चुंबकाचं कडं दिलं. तांब्याच्या रंगाचं, आतून काळे ठिपके असलेलं. माझं ब्लडप्रेशर तेव्हा नुकतंच जरासं वर सरकलं होतं. "डाव्या हाताला घाला, हृदयाच्या बाजूला," असं म्हणून त्यांनी ते स्वतः माझ्या मनगटात सरकवलं. सासूबाई समोर होत्या. त्या म्हणाल्या, "बघा, किती जीव आहे." त्या दिवसापासून ते कडं काढायची सोय राहिली नाही. बायको जेवताना आधी माझ्या मनगटाकडे बघायची आणि मग पोळी वाढायची.

लॅपटॉप मात्र देखणा होता. वजन किलोच्या आत, जाडी पापडाच्या डब्याच्या झाकणाएवढी. पण त्याच्या खोडी दुसऱ्या दिवसापासून सुरू झाल्या. झाकण एका हातानं उघडायला जावं तर अख्खा लॅपटॉप उचलून वर यायचा. बंद करायचं बटण अक्षर खोडायच्या बटणाला खेटून, त्यामुळे मी एक चुकीचा शब्द खोडायला गेलो की सगळा लॅपटॉपच बंद व्हायचा. मांडीवर घेतला तर दहा मिनिटांत मांडी शेकून निघायची. हे सगळं मी सहन केलं. पोटच्या पोरांचं करतो तसंच.

सहन झाली नाही ती चौथी खोड. मी टाइप करायला बसायचो, दोन ओळी लिहून व्हायच्या आणि पडदा काळा. हात उचलून कपाळाला लावला की पडदा पुन्हा उजळायचा आणि पासवर्ड मागायचा. पासवर्ड द्यायचा, लिहायला लागायचं, की पुन्हा काळा. बायको बसली तर काही नाही. मुलगी बसली तर काही नाही. तिनं त्यावर दोन तास अभ्यास केला आणि उठताना म्हणाली, "बाबा, तुम्ही त्याला रागावून बघता."

सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. तिथं उंच काउंटर, मी उभा. काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, "दाखवा कसं होतं." मी उभ्या उभ्या एका बोटानं दहा ओळी टाइप केल्या. पडदा ढिम्म हलला नाही.

"घरी कसं वापरता?" मॅडमनी विचारलं.

"बसून."

"मग उभ्यानं वापरून बघा ना, सर."

त्यांनी चार दिवस ठेवून घेतला आणि एका कागदावर 'दोष आढळला नाही' असं लिहून परत दिला. तो कागद मी जपून ठेवलाय. दोष लॅपटॉपात आढळला नाही म्हणजे तो कुठं असणार, हे त्यात लिहिलं नव्हतं, पण वाचता येत होतं.

मग ती मीटिंग झाली. मुख्य कार्यालयातले मोठे साहेब ऑनलाइन आणि मी घरून त्यांना माहिती देणार. पंधरा मिनिटांत तीन वेळा मी गायब झालो. तिसऱ्यांदा उगवलो तेव्हा साहेबांनी विचारलं, "तुमच्याकडे लाइट जाते का हो?" मी म्हटलं, "नाही सर, लाइट आहे, लॅपटॉप जातो." त्यानंतर उरलेली माहिती माझ्या हाताखालच्या माणसानं दिली आणि चांगली दिली, हे आणखी वाईट.

ही गोष्ट मी विश्वासानं साडूभाऊंना सांगितली. चूक माझीच. पुढच्या रविवारी त्यांच्याकडे जेवायला गेलो तर त्यांनी जेवणाच्या टेबलावर ती साग्रसंगीत करून दाखवली. माझा आवाज, माझं कपाळावर हात मारणं, साहेबांचं लाइटबद्दल विचारणं. आणि शेवटी ताटातला पापड हातात आडवा धरून म्हणाले, "लॅपटॉपलाही कळतं हो, समोर कोण बसलंय!" सगळे हसले. बायको हसली. माझी मुलगी हसली. सासूबाई तर तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला, आणि त्यांना पाणी मीच दिलं.

त्या पाण्याच्या पेल्याबरोबर मी ठरवलं. हेच घर, हीच माणसं, हेच वाक्य. फक्त हसू त्यांच्यावर.

पण करायचं काय, हे सुचत नव्हतं. ते सुचवलं आमच्या घरमालकांनी. भुकूमचे जुने शेतकरी. शेतावर चार मजली इमारत उभी राहिली तरी सकाळी उठून आधी आभाळाकडे बघतात. सगळी इमारत त्यांना आण्णा म्हणते. एका रविवारी ते आमच्या सिंकखालची गळती बघायला पाना घेऊन आले. काम झाल्यावर टेबलापाशी बसले, पाना लॅपटॉपशेजारी ठेवला. तेवढ्यात माझा पडदा काळा झाला. मी संतापानं हात आपटला आणि टक्कन आवाज झाला. पाना माझ्या मनगटाला चिकटला होता.

आण्णा थोडा वेळ पान्याकडे बघत राहिले.

"साहेब, हे हातात काय घातलंय तुमी?"

"चुंबकाचं कडं. बीपीसाठी."

"आन् ही ताटली कवापासून झोपतीया?" त्यांनी लॅपटॉपकडे बोट केलं.

"घेतल्यापासून."

"आन् कडं?"

मी कड्याकडे बघितलं. आण्णा हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. ते जवळच्या रिहे गावात एका पुणेकराचा बंगला सांभाळतात. म्हणाले, "तितं चोराची घंटी बसवलीया. दाराला येक चुंबक, चौकटीला येक डबी. चुंबक जवळ आलं की डबीला वाटतं दार लागलं, मग ती गप पडती. तुमच्या ताटलीतबी तसलंच काय तरी आसनार. तुमी हात ठेवला की तिला वाटतं झाकान लागलं. झाकान लागल्यावर झोपंल न्हाई तर काय करंल?"

मी कडं काढलं. पाच ओळी लिहिल्या, दहा लिहिल्या. पडदा लख्ख. कडं पुन्हा घालून मनगट डाव्या कडेला टेकवलं. काळा. काउंटरवर उभं राहून एका बोटानं लिहिताना मनगट टेकलंच नव्हतं, हेही तेव्हा कळलं. मग मी ते दहाबारा वेळा करून बघितलं. आण्णा म्हणाले, "आता बास करा, बिचारी झीट येऊन पडंल."

जाताना म्हणाले, "लई शिकल्याली मान्सं तुमी, पर पाना आमाला आनावा लागतोय."

मी ही गोष्ट घरात कुणालाही सांगितली नाही. त्यांचा लॅपटॉप तोच, माझ्यासारखाच. कडं त्यांनीच दिलेलं. सूड असा आयता हातात आला. खरं तर तो तीन महिने हातातच होता.

मुहूर्तही जवळ होता. सासूबाईंची पंचाहत्तरी चांद्याला व्हायची होती. साडूभाऊंनी जुने फोटो गोळा करून लॅपटॉपवर मोठा कार्यक्रम बसवला होता, तो टीव्हीला जोडून सगळ्यांना दाखवणार होते. मी अर्धा तास आधी पोचलो. साडूभाऊ वायरी जोडत होते, घामाघूम झाले होते.

"साडूभाऊ, चेहरा केवढा लाल झालाय तुमचा," मी म्हटलं. "बीपी बघितलंत का?"

"छे हो. धावपळ."

"धावपळीतच चढतं ते." आणि मी माझं कडं काढून त्यांच्यापुढे धरलं. "मला फार गुण आला. आज तुम्हाला गरज आहे. डाव्या हाताला घाला, हृदयाच्या बाजूला."

ते नको नको म्हणत होते. पण सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "घाला की हो, मोठे जावई एवढं प्रेमानं देतायत." कडं साडूभाऊंच्या मनगटात गेलं. मी मागच्या रांगेत जाऊन बसलो. माझं स्वतःचं बीपी त्या वेळी किती असेल, कोण जाणे.

पहिले काही फोटो नीट झाले, कारण साडूभाऊ उभे राहून बोलत होते. मग पाय दुखायला लागले म्हणून ते बसले आणि डावा हात लॅपटॉपवर टेकला. नेमका तेव्हा सासऱ्यांचा व्हिडिओ सुरू झाला. सासऱ्यांना जाऊन चार वर्षं झाली. ओसरीवर खुर्चीत बसलेले, सासूबाई मोबाइलवर शूटिंग करतायत, आणि ते नेहमीसारखे खेकसले, "अगं, बंद कर ते!"

आणि बंद झालं. टीव्ही काळा, लॅपटॉप काळा.

हशा पिकला. सासूबाई म्हणाल्या, "बघा, अजूनही त्यांचं सगळे ऐकतात." साडूभाऊंनी गडबडीनं पासवर्ड टाकला, व्हिडिओ पुन्हा लावला. "अगं, बंद कर ते!" काळा. पुन्हा हशा, जरा मोठा. साडूभाऊ कपाळाला हात लावत होते, अगदी मी लावायचो तसा. मी मनात मोजत होतो. दोन झाले. माझे तीन होते. माझं वाक्य जिभेवर तयार होतं.

तिसऱ्यांदा काळं झालं तेव्हा मात्र फारसं कुणी हसलं नाही. सासूबाई टीव्हीकडे बघत हळूच म्हणाल्या, "पुढं काय म्हणाले होते ते? मला आठवतच नाहीये."

माझं वाक्य जिभेवरच राहिलं. मी उठलो. "जरा बघू," म्हणालो. साडूभाऊंनी जागा दिली. मी बसलो, पासवर्ड त्यांच्याकडून विचारून टाकला, रिकामं मनगट मुद्दाम त्याच जागी टेकवलं आणि व्हिडिओ लावला.

"अगं, बंद कर ते! चहा आण." थोडं थांबून सासरे पुन्हा बोलले, आवाज उतरवून, "आणि तुझाही इथंच आण."

सासूबाई चष्मा काढून पुसत होत्या. त्या शांततेत, अख्खा पावसाळा घाटात घासून पुसून ठेवलेलं वाक्य मी बोललो. "लॅपटॉपलाही कळतं, साडूभाऊ, समोर कोण बसलंय."

कुणाचंही लक्ष नव्हतं. माझ्या मुलीनं तेवढं ऐकलं आणि मला "श्शू" केलं.

म्हणजे सूड फुकट गेला. परतताना गाडीत बायको म्हणाली, "चांगलं केलंत हं आज." थोड्या वेळानं म्हणाली, "कडं राहिलं का तिथंच?"

"राहू दे," मी म्हटलं. "त्यांना जास्त गरज आहे."

आणि मग माझ्या लक्षात आलं, अजून सगळं गेलेलं नाही. कारण सासूबाई चांद्यालाच मुक्कामाला होत्या, आणि त्या असेपर्यंत साडूभाऊंना कडं काढणं शक्य नव्हतं. तिसऱ्याच दिवशी फोन आला. "साडूभाऊ, तुम्ही त्या दिवशी काय केलं होतंत हो? परत झोपायला लागलाय. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, दोष आढळला नाही."

हे ऐकून जे वाटलं, ते मी इथं लिहीत नाही. वय बघता शोभत नाही.

तेव्हापासून दर आठवड्याला एकदा तरी मी चांद्याला जातो. पिरंगुटहून लवळ्याच्या बाजूनं, खड्डे चुकवत, पाऊण तास. त्यांच्या खुर्चीत बसतो, दोनचार बटणं गंभीरपणे दाबतो, लॅपटॉप सुरळीत चालतो, सासूबाई म्हणतात, "मोठ्यांचा हात लागला की कसं होतं बघा," आणि साडूभाऊ मान खाली घालतात. 'कडं काढा' एवढेच दोन शब्द बोललो तर सगळं संपेल. ते बोलायचं मी फार प्रयत्नानं टाळतो. माझे रविवार गेले, पेट्रोल गेलं, कंबर धरली, आणि साडूभाऊंचे दोन मित्रही आता आपापले लॅपटॉप मलाच दाखवायला आणतात. त्यांच्या हातात कडी नाहीत, त्यामुळे माझी फजिती होते.

मागच्या खेपेला साडूभाऊंनी एक डबी पुढे केली. डोळे खरंच भरून आले होते त्यांचे. "तुमचं कडं मीच ठेवून घेतलं, मनाला लागून राहिलं होतं. हे तुमच्यासाठी. यात चुंबकं दुप्पट आहेत." आणि माझा डावा हात धरून त्यांनी ते मनगटात सरकवलं. सासूबाई बघत होत्या.

हे लिहिताना ते कडं फ्रिजच्या दाराला चिकटवलेलं आहे, खाली घंटागाडीच्या वेळांचा कागद. आत्ताच साडूभाऊंचा फोन येऊन गेला, परत झोपलाय म्हणून. मी म्हटलं, "कशाला हात लावू नका. मी येतो."

आता उठायचं, फ्रिजवरून ते कडं ओढून काढायचं आणि हातात घालून निघायचं. तिथं मात्र उभ्यानं, एका बोटानं टाइप करायचं. सासूबाई अजून तिथंच आहेत.