उलट्या लेन्समधून पाहिलेलं पीठ

जळोचीला आमच्या घरात जेवायचं टेबल आहे, पण त्यावर आम्ही जेवत नाही. तिथं माझा कॅमेरा मांडलेला असतो आणि नवरा बिचारा सोफ्यावर मांडीवर ताट घेऊन जेवतो. हे वेड मला पन्नाशीला लागलं. बँकेतली नोकरी, ठरलेली वेळ, ठरलेली खुर्ची, आणि डोक्यात हा एक किडा, की डोळ्याला दिसत नाही ते जवळून बघायचं. त्यासाठी लागणाऱ्या लेन्सची किंमत ऐकून नवरा म्हणाला, "एवढ्यात एक म्हैस येईल." म्हैस बांधायला जागा नव्हती, म्हणून मी स्वस्तातली वाट धरली.

बंद पडलेल्या एका फोटो स्टुडिओतून रोलच्या कॅमेऱ्याची जुनी लेन्स मिळाली. ती उलटी बसवली की जवळचं मोठं करून दाखवते, एवढं वाचलं होतं. कॅमेऱ्याच्या प्लास्टिकच्या झाकणाला तापलेल्या सुरीनं भोक पाडलं. मधे नळी हवी होती. मग ठिबकचं सामान मिळतं त्या दुकानात लेन्स घेऊन गेले आणि एकेक पीव्हीसी फिटिंग तिला लावून बघायला लागले. दुकानदारानं बराच वेळ सहन केलं. शेवटी म्हणाला, "ताई, किती एकराला पायजे?"

"एका मुंगीला," मी म्हणाले. तेव्हापासून तो माझ्याशी जरा जपूनच बोलतो.

काळी टेप गुंडाळून ते धूड तयार झालं. फोकसला फिरवायचं असं काही नव्हतं, सगळा कॅमेराच केसभर पुढे नाहीतर मागे सरकवायचा. श्वास सोडला तरी चित्र पुसट व्हायचं. एक पातळ पापुद्रा तेवढा स्पष्ट दिसायचा, त्याच्या अलीकडे-पलीकडे सगळं धुकं. त्या धुक्यातून आधी मीठ वर आलं, मग तुळशीच्या पानावरची लव, मग खिडकीत मरून पडलेली माशी. माशीचे डोळे बघून मी दिवाच बंद केला. मेलेली होती, तरी तिचं लक्ष माझ्याकडे होतं असं वाटलं. एकदा स्वतःचं बोट ठेवलं. नांगरलेल्या रानातल्यासारख्या वळणदार सऱ्या, आणि त्यांच्या माथ्यावर घामाची बारीक भोकं. बघता बघता एका भोकातून थेंब फुगून वर आला. बोट माझं, पण ते मला न विचारता काहीतरी करत होतं. मला ते अजिबात आवडलं नाही.

तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. नवरा म्हणायचा, "लोक भुतं घालवतात, तू बोलावून आणतेस." मी हसायचे. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता.

माझे मामा-मामी कळसला राहायचे. डाळिंबाची बाग, बागेतच घर. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे लाड करायला आणि रागवायला मीच हक्काची. मामा गेला तो अचानक. दुपारी जेवून आतल्या खोलीत आडवा झाला, तो उठलाच नाही. आम्ही पोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. मामी रडत नव्हती. मला बाजूला ओढून म्हणाली, "आमचा अबोला हुता गं."

अबोला शेवग्यावरून होता. दारातला शेवगा मामीनं लावलेला. डाळिंबं न्यायला येणाऱ्या पिकअपला वळायला जागा पुरत नाही म्हणून मामानं तो तिला न विचारता तोडून टाकला. तेव्हापासून मामी त्याला वेळेवर वाढायची, पाणी ठेवायची, पण तोंडातून शब्द काढायची नाही. मामा आधी हसला, मग चिडला, मग तिची मनधरणी करायला लागला. मामी म्हणजे हट्टाची पुतळी, ती काही बधली नाही. आणि तो तसाच निघून गेला.

आमच्याकडे माणूस गेला की त्याचा जीव जिथं गेला त्या जागेवर संध्याकाळी पीठ पसरतात, शेजारी दिवा लावतात आणि पिठावर डालं झाकतात, कोंबड्या झाकतात तसलं, पण नवं. सकाळी डालं उचलून पिठावर काय उमटलंय ते बघायचं. पाखराचं पाऊल दिसलं तर गेलेला पाखराच्या जन्माला गेला, मुंगीचं दिसलं तर मुंगीच्या. काहीच नसलं, तर म्हणतात त्यानं घराकडे वळूनही बघितलं नाही. हे मी लहानपणापासून बघत आलेय. पिठात जो तो आपल्याला हवं तेच वाचतो, असं माझं मत होतं आणि ते मी बोलूनही दाखवायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाच्या चुलत्यांनी, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो, डालं उचललं. तांदळाच्या पिठाच्या मधोमध चिंचोक्याएवढा एक खळगा होता. तात्यांनी वाकून बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि म्हणाले, "पाखरू हाय. चोच टेकवलीया."

"उंदीर आसंल," मागून कुणीतरी म्हणालं, आणि झाली वादाला सुरुवात. मामी उंबऱ्याबाहेर उभी होती. खोलीत पाऊल टाकायला ती तयार नव्हती. तिनं माझ्याकडे बघून सगळ्यांना सांगितलं, "हिच्याकडं बारीक बघायचं यंत्र हाय. ही बघंल."

मला वाटलं, आता तात्या अंगावर येणार. पण ते म्हणाले, "बघू दे की. डॉक्टर न्हाय का मशीन लावून आतलं बघत? फकस्त पिठाला हात लावू नगंस."

त्या घरात चूल पेटणार नव्हती, म्हणून रात्री घरी परतलेला नवरा जळोचीहून भाकरी घेऊन येणारच होता. भाकरीबरोबर कॅमेऱ्याची पिशवीही आली. तोवर डालं पुन्हा झाकून ठेवलं होतं.

पायांच्या धक्क्यानं पीठ हलायला नको म्हणून मी सगळ्यांना बाहेर थांबवलं. फरशीवर पालथी झाले, कॅमेरा पाटावर ठेवला आणि पाट कणाकणानं पुढे ढकलायला लागले. माझी कोपरं टेकली होती तिथंच काल मामा झोपला होता. पडद्यावर नुसतं धुकं. मग पिठाचे कण, एकेक धोंड्याएवढा. मग खळग्याचा उतार, मग तळ, आणि तळाशी सऱ्या. एकमेकींना लागून वळत गेलेल्या, मधे वेटोळं.

ते पाऊल नव्हतं, चोच नव्हती. ते माणसाचं बोट होतं.

रात्री कुणीतरी डालं उचलून बोट टेकवलंय, हे खरं तर लगेच कळायला हवं होतं. पण त्याआधी मला मामाचा हात आठवला, आणि मी चक्क मान वळवून मागे बघितलं. मागे भिंत होती आणि खुंटीला त्याचा सदरा. मी घाईघाईनं फोटो काढले आणि बाहेर आले.

"तात्या म्हणतात ते बरोबर आहे," मी सांगितलं. "पाखरूच आहे." गेलेल्या माणसाच्या दारात खरं बोलून कुणाचं भलं होणार होतं? तात्या खूश झाले. माणसं अंगणात पांगली.

मामीनं माझं मनगट धरलं आणि मला घरामागे मोरीपाशी नेलं. हळूच म्हणाली, "पाखरू हाय, तर मग माझं बोट कुठं गेलं?"

मी कोपऱ्यावरून अंगणात डोकावले, कुणी ऐकत नव्हतं.

"पहाटं मीच डालं उचाललं," ती म्हणाली. "पीठ कोरं हुतं. आला न्हाय तो. लोकं कोरं पीठ बघणार, म्हणून बोट टेकावलं."

"मग मला कशाला बघायला लावलंस?"

"बोट टेकावल्यावर मी दाराशी बसून ऱ्हायले, उजाडंपतुर. तवा आला आसंल तर? माझं बोट सोडून तितं आजून काय हाय का, तेवढं सांग. खोटं बोलू नगंस."

मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठे करून बघायला लागले. सगळ्यांत नुसत्या सऱ्या. एका फोटोत मात्र फोकस किंचित वर बसला होता, आणि त्यात सऱ्यांना आडवे जाणारे ठिपके दिसले. सुईच्या टोकानं टोचावेत इतके बारीक. जिथं ठिपका होता तिथं सरीची कड मोडली होती. म्हणजे बोट आधी आणि ठिपके नंतर. मुंगी पिठावरून चालली की ठिपके दोन्ही अंगांना पडतात, ते मी आमच्या टेबलावर कितीदा बघितलंय. हे एकाच ओळीत होते. काठावरून खाली उतरले होते आणि वेटोळ्याच्या मधोमध येऊन थांबले होते. परत फिरल्याची खूण कुठंच नव्हती.

"तुझ्या बोटावरून काहीतरी चालत आलंय," मी म्हणाले.

"काय?"

"मला माहीत नाही, मामी."

"आन् गेलं कुठं?"

"गेलेलं दिसत नाही."

बोलून गेले आणि जीभ चावली. वाटलं, आता ही इथंच कोसळते. पण मामीनं पदर डोक्यावरून नीट घेतला, घराला वळसा घालून सरळ त्या खोलीत गेली आणि आतून दार लोटून घेतलं. मी मागोमाग गेले, पण दार ढकलायची माझी हिंमत झाली नाही. मी बाहेरच भिंतीला टेकून बसले.

थोड्या वेळानं आतून तिचा आवाज यायला लागला. आधी दबका, मग चढत गेला, भाकरी थापता थापता ती मामाला झापायची तसा. कसली पोच न्हाय तुला, विचारायचं तरी हुतंस, मी काय नगं म्हणले आसते का. मधेच रडली, नाक ओढलं, पुन्हा सुरू झाली. कितीतरी दिवसांचं तुंबलेलं सगळं ती बोलून टाकत होती.

मग ती थांबली. समोरचा माणूस बोलायला लागला की आपण थांबतो, तशी. मी दाराला कान लावला. दुसरा आवाज नव्हता.

"व्हय," मामी म्हणाली.