न उकळलेली केळी

कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड हातात आलं की वाचायची गरज उरत नाही. गेल्या महिन्यात धुळ्याच्या शाळेत, मी तासाला निघालो असताना शिपायाने तसंच कार्ड माझ्या हातात ठेवलं. धरणगावहून आलेलं. आत्मारामभाऊ काविळीने गेले. मी तसाच वर्गावर गेलो, फळ्याकडे तोंड केलं आणि तास संपेपर्यंत बेडकाची आकृती काढत राहिलो. मुलांना वाटलं, आज सर फार मन लावून शिकवताहेत.

धरणगावच्या शाळेत आम्ही दोघे शास्त्र शिकवायचो. भाऊ माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे. त्यांनी मामाची मुलगी केली होती. आमच्याकडे ती रीतच, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पहिली मुलगी झाली, इंदू. पापण्या होत्या, पण त्यांच्या आत डोळेच नव्हते. गावाने ग्रहण काढलं, वहिनींच्या डोहाळ्यांतलं काहीबाही काढलं. भाऊंनी मात्र पुस्तकं मागवली. त्यांनीच मला सांगितलं, गर्भात मेंदूतून एक फुगा बाहेर येतो, कातडीला जाऊन टेकतो आणि टेकतो तिथे डोळ्याचं भिंग तयार होतं. "आणि तो फुगा निघालाच नाही तर, नाना?" असं विचारून त्यांनी पुस्तक मिटलं होतं. एकाच आजोबांकडून आलेला दोष नवरा-बायको दोघांतही लपून असला, तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक वेळा तो वर येणार, असा त्यांचा हिशेब होता. म्हणून दुसरं मूल नाही. त्यांची आई रडली, वहिनी रडल्या, पण हा माणूस सहा वर्षं नाही म्हणत राहिला.

पुण्याच्या एका ओळखीच्या प्राध्यापकांनी त्यांना माश्यांची एक बाटली दिली होती. पिकल्या केळ्यावर घोंघावतात त्या बारीक माश्या, पण यांना डोळे नव्हते, किंवा असले तर टाचणीच्या टोकाएवढे. मागच्या पडवीत रुंद तोंडाच्या औषधाच्या बाटल्यांत भाऊंनी त्यांचा वंश वाढवला. बाटल्यांच्या तोंडाला कापसाचे बोळे, आत केळं, गूळ आणि ज्वारीचं पीठ शिजवून केलेला लगदा. केळं उकळायचंच, हा त्यांचा पहिला नियम होता. केळ्यावर साध्या माश्या आधीच अंडी घालून गेलेल्या असतात. न उकळलेलं केळं बाटलीत गेलं की परका वंश आत शिरला म्हणून समजा. भाऊ गांडुळापासून घारीपर्यंत सगळ्यांच्या डोळ्यांचं बोलायचे. गांडुळाला डोळा नाही, पण कातडीला उजेड कळतो, तिथून घारीच्या नजरेपर्यंत केवढी वाट झाली असेल, म्हणायचे. आणि बोलता बोलता इंदूला मांडीवर ओढून घ्यायचे.

एकदा पोळ्याच्या सुमारास ते तीन दिवस जळगावला गेले आणि बाटल्या माझ्यावर सोपवल्या. मी पडवीत केळी कुस्करत होतो. तेवढ्यात वेशीकडे ढोल वाजले, बैल निघाले. चूल धड पेटत नव्हती. गूळ आणि पीठ तसंच कालवून मी लगदा सगळ्या बाटल्यांत भरला आणि मिरवणुकीला पळालो. इंदू उंबऱ्यात बसली होती. "नाना, आज शिजल्याचा वास नाही आला," ती म्हणाली. "शिजलं गं," मी म्हणालो. एवढंच. त्या दिवशी बैलांची शिंगं फार छान रंगवली होती, तेही मला आठवतं. लाज वाटते, पण आठवतं.

दहा-बारा दिवसांनी भाऊंनी मला घरी बोलावलं. सगळ्या बाटल्यांत लालबुंद डोळ्यांच्या माश्या. "नाना, केळं उकळलं होतंस ना?" मी त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्या तोंडावर एवढी आशा मी पाहिली नव्हती. मी म्हणालो, "हो." अशा माश्या पिढ्यान्‌पिढ्या आपसातच वाढल्या की त्यांचे डोळे हळूहळू परत येतात, असं त्यांनी कुठेसं वाचलं होतं. "रक्त स्वतःला सावरतं रे," असं ते तीन-तीनदा म्हणाले. आज यावर कुणीही हसेल. माशी कुठे, माणूस कुठे! पण सहा वर्षं नाही म्हणून थकलेल्या माणसाला निमित्त पुरतं, आणि ते मी पुरवलं.

पुढच्या वर्षी सुमन झाली. मी ओसरीवर होतो. आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. मग वहिनींचा आवाज आला, "हाई बी तशीच शे का?" भाऊ भिंतीला टेकून उभे होते. सुमनच्याही पापण्यांच्या आत डोळे नव्हते. त्यानंतर भाऊंनी केळी स्वतःच उकळली, माझ्यावर पुन्हा कधी सोपवली नाहीत. त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. वर्षभरात मी अर्ज केला आणि धुळ्याच्या शाळेत गेलो. भित्रा होतो, दुसरं काय!

तेराव्याला गेलो होतो. वहिनी मला पाहून आत निघून गेल्या. मागच्या पडवीत बाटल्या तशाच ओळीने मांडलेल्या, आणि चुलीजवळ इंदू केळ्याचा लगदा ढवळत होती. आता ती तेरा वर्षांची आहे. तिच्या मांडीला टेकून सुमन बसलेली, दोघींच्याही पापण्या मिटलेल्या. वासावरून शिजल्याचं कळतं, म्हणून तिच्या आबांनी, म्हणजे भाऊंनी, हे काम तिला शिकवलं होतं. मी जवळ बसलो आणि एकदाचं सांगून टाकलं, "इंदू, त्या पोळ्याला मी केळं उकळलं नव्हतं."

तिचा हात थांबला नाही. "मला माहीत आहे, नाना. मी त्याच वेळी आबांना सांगितलं होतं."

"मग... आबा काय म्हणाले?"

"म्हणाले, नाना खोटं बोलत नाही."

तिने भांडं उतरवलं, चाचपत एक बाटली ओढली आणि तिचा बोळा काढून माझ्या हातात दिला. सुमन विचारत होती, आता भरायच्या का म्हणून.